नागपूरचे कॅमेरे आणि आपली खासगी बाब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या सभा, मोहल्ला बैठका, कॉलेजातले कार्यक्रम, जिथे जिथे या विषयावर बोलायला जातो तिथे साधारण हेच प्रश्न येतात. माझी भूमिका आधीच सांगून टाकतो: चौकात कॅमेरा असायला माझी हरकत नाही. कॅमेऱ्यामागे कोण बसले आहे, चित्रण किती दिवस राहते आणि ते कोणाला दिले जाते, हे शहराला लेखी कळले पाहिजे, एवढा माझा आग्रह आहे. कायद्याची माहिती सर्वसाधारण आहे. तुमचे प्रकरण कोर्टात किंवा ठाण्यात असेल तर वकिलाशी बोला.

नागपुरात नेमके किती कॅमेरे आहेत आणि ते कोण बघते?

स्मार्ट सिटी प्रकल्पात शहरभर साडेतीन हजारांहून जास्त कॅमेरे बसवले गेले. त्यांचे चित्रण महापालिकेच्या सिव्हिल लाइन्समधल्या मुख्यालयातल्या नियंत्रण केंद्रात जाते आणि पोलिसांनाही दिसते. म्हणजे यंत्रणा बसवणारा एक, चालवणारा दुसरा, वापरणारा तिसरा. तक्रार घेऊन गेले की माणसाला एका दारातून दुसऱ्या दारात पाठवले जाते, त्याचे मूळ इथे आहे.

याशिवाय दुकाने, बँका, अपार्टमेंट, मेट्रो स्टेशन, टोलनाके यांचे कॅमेरे वेगळे. सीताबर्डीच्या व्हेरायटी चौकातून मेन रोडने आत गेलात तर सरकारीपेक्षा दुकानांचेच कॅमेरे जास्त दिसतील. या खासगी कॅमेऱ्यांची जबाबदारी ज्याची त्याची आहे आणि बहुतेकांना ती ठाऊकच नसते.

कॅमेऱ्यांमुळे गुन्हे खरेच कमी होतात का?

काही ठिकाणी, काही प्रकारचे. चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅमेरे असलेल्या भागांत गुन्हे सरासरी १३ टक्के कमी दिसले. सर्वात जास्त फरक वाहनतळांवर होता. हिंसक गुन्ह्यांवर मात्र ठोस परिणाम आढळला नाही. ज्या कॅमेऱ्यांवर कोणीतरी प्रत्यक्ष लक्ष ठेवून असतो, त्यांचा उपयोग अधिक होतो, हेही त्यात दिसले.

म्हणून नगरसेवकाकडे आणखी कॅमेऱ्यांची मागणी करण्याआधी आहेत ते चालू आहेत का, हे विचारा. सिमेंट रोड, उड्डाणपूल, मेट्रो, कशाचेही खोदकाम निघाले की केबल तुटते आणि कॅमेरा नुसता खांबावर उरतो. त्याने गुन्हेगार सापडत नाही, लोक मात्र निर्धास्त होतात.

गुन्हा घडून गेल्यावर शोध घेण्यासाठी कॅमेरा कामाचा आहे, याबद्दल मला शंका नाही. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

‘मार्वल’ म्हणजे काय? एआयने पोलीस काय करतात?

मार्वल ही राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये स्थापन केलेली कंपनी. पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने बनवून देणे हे तिचे काम. आयआयएम नागपूर आणि एक खासगी कंपनी तिच्यात भागीदार आहेत, आणि कारभाराची सूत्रे नागपूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे दिली गेली.

तिचे सर्वात ठळक काम नागपूरकरांना आठवत असेल. ९ ऑगस्ट २०२५, रक्षाबंधनाचा दिवस. नागपूर–जबलपूर महामार्गावर देवलापारच्या हद्दीत ट्रकच्या धडकेत एक बाई गेली. मदतीला कोणी थांबले नाही म्हणून नवऱ्याने तिचा मृतदेह दुचाकीला बांधून नेला. तो व्हिडिओ देशभर फिरला. ट्रकचा नंबर त्याला माहीत नव्हता. ट्रकवर लाल खुणा होत्या, एवढेच आठवत होते. पोलिसांनी वेगवेगळ्या टोलनाक्यांचे फुटेज घेतले. एका प्रणालीने लाल खुणांचे ट्रक वेगळे काढले. दुसरीने दोन नाक्यांमधल्या वेळेवरून प्रत्येक ट्रकचा सरासरी वेग तपासला. मधे कुठे थांबला किंवा रेंगाळला असेल असा ट्रक त्यातून उरला. ३६ तासांत तो सुमारे सातशे किलोमीटरवर, कानपूरच्या वाटेवर पकडला गेला.

हे उदाहरण मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण नजर कशी असावी ते यात दिसते. गुन्हा घडलेला होता. शोध ट्रकचा होता, माणसांच्या चेहऱ्यांचा नव्हता. फुटेज ठरावीक नाक्यांचे आणि ठरावीक वेळेचे होते. काम झाल्यावर पुढे हाताने तपास करावाच लागला. उद्या तेच तंत्र गुन्हा नसताना, कोण कुठे जातो याची सगळ्यांचीच नोंद ठेवायला लावले तर प्रश्न पूर्ण बदलतो. यंत्र एकच राहील, तेव्हा फरक नियमानेच पडेल. तो नियम लोकांना वाचायला मिळाला पाहिजे.

मी काही चुकीचे करत नाही. मग मला कशाची भीती?

हा प्रश्न सर्वात जास्त वेळा येतो आणि विचारणारे बहुधा सरळमार्गी असतात.

खासगीपणाची गरज गुन्हेगारांपेक्षा साध्या माणसांनाच जास्त पडते. मनोविकारतज्ज्ञांकडे जाणारा तरुण, घरच्यांना न सांगता वकिलाला भेटणारी सून, संविधान चौकात धरणे द्यायला बसलेला कंत्राटी कामगार, बातमीदाराला कागद देणारा कारकून. यातले कोणीही गुन्हा करत नाही. पण कोण कुठे किती वाजता गेले याची यादी नको त्याच्या हाती पडली तर यातल्या प्रत्येकाचे नुकसान होऊ शकते. ती यादी चोरणारा बाहेरचाच असेल असेही नाही. स्क्रीनसमोर बसलेल्या ओळखीच्या माणसाला एक फोन पुरतो.

आणि चुकीचे काय, हे दरवेळी तुम्ही ठरवत नाही. आज ज्या सभेला गेलात ती परवानगी घेऊन भरलेली असते. पाच वर्षांनी त्याच सभेतला फोटो कोणी वेगळ्या अर्थाने पुढे ठेवू शकतो.

पण राज्यघटनेत खासगीपणाचा हक्क लिहिलेलाच नाही, असे म्हणतात?

शब्दाने लिहिलेला नाही, हे खरे. मात्र तो लिहावा म्हणून प्रयत्न झाले होते आणि त्यातला एक आपल्याच प्रांतातून झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी केलेल्या निवेदनात माणूस, त्याचे घर, कागदपत्रे आणि वस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातून गेलेले सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती मांडली. आंबेडकरांनी ती उपयुक्त असल्याचे म्हटले. मतदानात मात्र ती नामंजूर झाली.

जवळपास सत्तर वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि तो अनुच्छेद २१ च्या जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कातच येतो. हा हक्क अमर्याद नाही. सरकार त्यात हात घालू शकते, पण त्यासाठी कायद्याचा आधार हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा. चौकातल्या कोणत्याही कॅमेऱ्याला या तीन कसोट्या लावून बघा. बहुतेक ठिकाणी उद्देश रास्तच असतो. कायद्याचा आधार विचारला की गाडी अडते. सार्वजनिक कॅमेरे कोणी, कसे, किती काळ वापरायचे हे ठरवणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही.

चेहरा ओळखणारे कॅमेरे साध्या कॅमेऱ्यापेक्षा वेगळे का मानायचे?

साधा कॅमेरा ‘कोणीतरी गेले’ एवढे सांगतो. चेहरा ओळखणारी प्रणाली नाव सांगते, तेही प्रत्येकाचे आणि प्रत्येक वेळी. राज्य पोलिसांकडे ॲम्बिस नावाची यंत्रणा आहे. बोटांचे ठसे, चेहरा आणि डोळ्यांची ओळख तिच्यात एकत्र साठवली जाते. २०२२ च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक झालेल्यांची अशी मापे घेण्याचा अधिकार वाढवला आणि नोंदी ७५ वर्षे ठेवायची मुभा दिली. आधी शिक्षा झालेली नसलेला माणूस निर्दोष सुटला, तर त्याच्या नोंदी नष्ट करायच्या असतात. निकालानंतर तसे झाले का, हे वकिलाकरवी जरूर विचारा.

चुकांचेही बघा. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये १८९ प्रणाली तपासल्या. चेहरा फोटोशी ताडून पाहण्याच्या चाचणीत अनेक प्रणाली आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांना गोऱ्या चेहऱ्यांच्या दहा ते शंभर पट जास्त वेळा चुकीचे ‘जुळले’ म्हणत होत्या. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार ते ८० टक्के साम्य असले की जुळणी धरतात. आता समजा, सीताबर्डीत सणाच्या दिवशी एक लाख चेहरे तपासले आणि यंत्र हजारात एकदाच चुकले. तरी शंभर निरपराध माणसांवर बोट ठेवले जाईल.

युरोपीय संघाने पोलिसांना सार्वजनिक जागी चालत्या गर्दीत असे चेहरे ओळखायला फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. हरवलेल्यांचा शोध, दहशतवादी हल्ल्याचा धोका असे मोजके अपवाद ठेवले आहेत. आपल्याकडेही इतके तरी व्हावे, असे मला वाटते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. तिथे चेंगराचेंगरी टाळायला गर्दी मोजणारे कॅमेरे हवेतच. गर्दी मोजायला कोणाचे नाव लागत नाही.

दंगलीच्या किंवा मारामारीच्या फुटेजमध्ये मी दिसलो तर मी आरोपी का?

दिसणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे. १७ मार्च २०२५ ला महाल आणि आसपासच्या भागात हिंसाचार झाला. त्यानंतर पोलिसांनी सीसीटीव्ही आणि मोबाईलच्या चित्रणावरून संशयितांचा शोध घेतला. दगड मारणारा सापडलाच पाहिजे. पण त्याच चौकटीत दुकानाचे शटर ओढणारा, मुलाला शोधायला निघालेला बापही असतो. पोलिसांनी बोलावले तर नोटीस लेखी मागा, वकिलाला सोबत न्या आणि त्या वेळी तुम्ही तिथे का होतात याचे पुरावे लगेच जमवा: पावती, फोनची नोंद, शेजाऱ्याचा जबाब. त्या गल्लीतल्या दुसऱ्या कॅमेऱ्याचे फुटेज तुमच्या बाजूनेही बोलू शकते. ते पुसले जाण्याआधी मिळवणे महत्त्वाचे.

माझी गाडी चोरीला गेली. फुटेज कसे मिळेल?

घाई करा. डीव्हीआरची, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, डिस्क भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते. कुठे महिन्याने, कुठे आठवड्यातच. ठाण्यात तक्रार देतानाच जागा, तारीख आणि वेळ लिहून ‘या ठिकाणचे फुटेज जतन करावे’ असे वाक्य घाला. महापालिका आणि संबंधित दुकानदारालाही तसाच अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय निघू नका. दुकानदार तुम्हाला फुटेज द्यायला बांधील नाही, पण पुसू नका अशी विनंती लेखी असली तर पुढे उपयोगी पडते. पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ते मागवू शकतात.

कोर्टात ते टिकण्यासाठी, ते कोणत्या उपकरणातून आणि कसे काढले हे सांगणारे प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर–गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले की मूळ उपकरण हजर केले नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आता ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे.

सोसायटीत कॅमेरे बसवायचे आहेत. काय काळजी घ्यावी?

मानेवाड्याकडच्या एका अपार्टमेंटमध्ये मला सचिवांनी त्यांची यंत्रणा दाखवली. पहारेकऱ्याच्या खोलीत टेबलाखाली डीव्हीआर, वर पाण्याची बाटली. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर लिहिलेला, आणि तोही कंपनीने दिलेलाच. स्क्रीनवरची वेळ खऱ्या वेळेपेक्षा चाळीसेक मिनिटे मागे. शेवटची गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते, पण उद्या चोरी झाली तर आरोपीचा वकील पहिला प्रश्न तिच्यावरच विचारील.

म्हणून पासवर्ड बदला, घड्याळ जुळवा, डीव्हीआर कुलपात ठेवा. फुटेज कोणी, कधी, कशासाठी पाहिले याची वही ठेवा. कॅमेरा फाटकावर, पार्किंगमध्ये, जिन्याच्या तोंडाशी असावा. कोणाच्या दाराच्या आत डोकावेल असा नको. ‘येथे सीसीटीव्ही आहे’ ही पाटी लावा. आणि फुटेज सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कोणाची मुलगी किती वाजता कोणासोबत आली, हे ठरवण्यासाठी कॅमेरा बसवलेला नाही. हा प्रकार मी फार ठिकाणी पाहतो आणि तो मला असह्य होतो.

नवे कॅमेरे घेताना एक चौकशी करा. केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची केली आहे. विक्रेत्याला त्या प्रमाणपत्राबद्दल विचारा. त्याच वर्षी फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातले महिलांचे चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले होते. कच्चा पासवर्ड किती महाग पडतो ते तिथे दिसले.

शेजाऱ्याचा कॅमेरा थेट आमच्या अंगणात बघतो. काय करावे?

आधी बोला. कॅमेऱ्यात ठरावीक भाग झाकायची सोय असते. समोर बसून तो भाग काळा करून घेता येतो. ऐकले नाही तर सोसायटीकडे, मग ठाण्यात लेखी तक्रार. बाथरूमची खिडकी किंवा शयनगृह दिसत असेल तर तो नुसता वाद राहत नाही. स्त्रीला खासगी अवस्थेत पाहणे किंवा चित्रित करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई पुरुष, स्त्री दोघांनाही लागू होते.

रूमवर किंवा ट्रायल रूममध्ये लपवलेला कॅमेरा सापडला तर?

त्याला हात लावू नका, काढू नका. जागेचे आणि वस्तूचे फोटो काढा, दार बंद करा आणि ११२ ला फोन करा. घरमालकाला आधी सांगितले तर कॅमेरा गायब होऊ शकतो. चित्रण पसरवले जात असेल तर सायबर हेल्पलाइन १९३० आहे. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुली घरी कळेल म्हणून गप्प बसतात. ताई, मावशी, प्राध्यापिका, कोणी एक विश्वासाचे माणूस सोबत घ्या, पण तक्रार द्या.

ई-चालान आले, पण गाडी माझी नाही.

चालानवरचा फोटो उघडून नंबर, रंग आणि मॉडेल पाहा. महाट्रॅफिक ॲपवर फोटोसह तक्रार करता येते. तुमचाच नंबर दुसऱ्या गाडीवर दिसत असेल तर ती नंबरप्लेटची फसवणूक आहे, ठाण्यात तक्रार द्या.

नाकाबंदीत पोलिसांनी मोबाईल उघडून दाखवायला सांगितले तर?

लायसन्स, आरसी दाखवा. वाटेने जाणाऱ्या कोणालाही थांबवून त्याचे चॅट वाचण्याचा सरसकट अधिकार कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. तपास चालू असेल तर फोन जप्त होऊ शकतो, पण त्याचा पंचनामा होतो, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करायचे असते. हुज्जत घालू नका. शांतपणे कोणत्या गुन्ह्यात आणि कोणत्या कलमाखाली, एवढे विचारा.

पोलीस ठाण्यातही कॅमेरे असतात का?

असलेच पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात आदेश दिला: प्रत्येक ठाण्यात आत-बाहेर जाण्याची दारे, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्याची खोली, सगळीकडे आवाजासह चित्रण व्हावे आणि ते १८ महिने, निदान एक वर्ष तरी राहावे. कोठडीत मारहाण झाली तर पीडिताला ते फुटेज मागता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला याच विषयाची स्वतःहून दखल घ्यावी लागली, कारण अनेक ठाण्यांतले कॅमेरे बंद असल्याचे समोर आले. नागरिकांवरच्या कॅमेऱ्यांइतकीच काळजी ठाणेदारांच्या खोलीतल्या कॅमेऱ्याची घेतली गेली, तर लोकांचा विश्वास आपोआप वाढेल.

नवा डेटा संरक्षण कायदा आपल्याला वाचवेल का?

अर्धवट. कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक तरतुदी त्यानंतर दीड वर्षाने लागू होणार आहेत. दुकान, इस्पितळ, शिकवणी वर्ग यांना तो लागू होईल आणि दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. स्वतःच्या घरगुती कामासाठीचा वापर त्यातून वगळला आहे. सोसायटीने मात्र ही सूट आपल्याला मिळेल असे धरून चालू नये.

गुन्हे रोखणे आणि तपास यासाठी बरीच सूट आहे. संमती घेणे, माहिती दाखवणे, पुसणे यातले बहुतेक तिथे लागू होत नाही. डेटा सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मात्र तपासासाठीही सुटत नाही. केंद्र सरकार एखाद्या सरकारी संस्थेला अधिसूचना काढून पूर्णच वगळू शकते, हे मला सर्वात जास्त खटकते.

महापालिकेकडून किंवा पोलिसांकडून माहिती कशी मागायची?

माहितीच्या अधिकारात, जोडपत्र ‘अ’ भरून. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नको. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसणारा लागतो, त्यामुळे प्रश्न नेमके ठेवा. माझा नेहमीचा मसुदा असा:

आपल्या प्रभागात किती कॅमेरे बसवले आणि आजच्या तारखेला किती चालू आहेत? चित्रण किती दिवस जतन केले जाते, त्याचा आदेश कोणता? चित्रण पाहण्याचा अधिकार कोणत्या पदांना आहे? मागील वर्षभरात बाहेरच्या किती विनंत्या आल्या, किती मान्य झाल्या? चेहरा ओळखणारे सॉफ्टवेअर वापरले जाते का, असल्यास त्याच्या कराराची प्रत.

कॅमेऱ्यांच्या जागांचा नकाशा मागू नका, सुरक्षेच्या कारणाने तो नाकारला जाईल आणि बाकीचे प्रश्नही त्यात अडकतील. कोणाचे व्यक्तिगत फुटेजही यात मागू नका. नोव्हेंबर २०२५ पासून व्यक्तिगत माहिती नाकारण्याची तरतूद अधिक कडक झाली आहे. मसुद्यातले प्रश्न आकडे, आदेश आणि पदांबद्दल आहेत, त्यात कोणाचीच खासगी माहिती नाही.

उत्तराला ३० दिवस. आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत प्रथम अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरे. अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन प्रत जपून ठेवा, दोन्ही अपिलांना तीच जोडावी लागते.